लेंडीखत कुणाचं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार डॉक्टरकाकांचे. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं राहिलो, भाडं न देता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे आधी सांगतो, कारण पुढचं लिहिताना हात जड होतो.

दिवाळीची पार्टी होती. काकांनी मला वर बोलावलं. "हा आमचा धनगर! युनिव्हर्सिटीत मेंढ्यांवर पीएचडी करतोय, बोला!" सगळे हसले. "अरे, मेंढरं वळवायचा तो आवाज काढून दाखव ना."

मी काढला. बा काढायचा तसाच, जीभ टाळूला लावून. पोरं बें-बें करत सोफ्याभोवती पळाली. काकू म्हणाल्या, "किती गोड!"

मग दर पार्टीला तेच. पुस्तक मिटायचं, वर जायचं, आवाज काढायचा, खाली यायचं. थकलो होतो. थकलो म्हणायचीही लाज वाटायची. फुकट राहतो ना.

माझा विषय खरं तर मध्ययुगीन इंग्लंडमधली खेडी. तिथे काही भागांत गावकऱ्यांना आपली मेंढरं रात्री जमीनदाराच्याच शेतात बसवावी लागत. लेंडीखत त्याला. गावकऱ्यांची रानं उपाशी. मी हे वर्गात शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "जागा दिली म्हणून लोक त्याचे आभार मानायचे का?"

मला बा आठवला. शेतकऱ्याकडून धान्य ठरल्याशिवाय त्याने कुणाच्या रानात रात्री मेंढरं बसवायला जाळी ठोकली नाही. "खत आपलं हाय," म्हणायचा. आणि मी?

शनिवारी पुन्हा पाहुणे आले. "ए धनगरा, ये वर!"

गेलो. "आवाज नाही काढणार, काका."

"काय यार, गंमत आहे नुसती."

"तुमची आहे."

एक मुलगा म्हणाला, "डू द शीप थिंग, प्लीज!" कुणी हसलं नाही. काकू पुटपुटल्या, "एवढं केलं याच्यासाठी."

ते खरंच होतं. तरी मी नाही काढला.

त्याच आठवड्यात सामान हलवलं. आता चौघांत एक खोली आहे. तिथून काकांना हे पत्र पाठवलं:

"काका, सा. न. तुम्ही छप्पर दिलंत, ते मी नाकारत नाही. विचारेल त्याला सांगेन. पण त्याच्या बदल्यात माझा बाप तुमच्या पाहुण्यांपुढे उभा करणार नाही. दोन वर्षांत तुम्ही मला एकदाही नावाने हाक मारली नाहीत. यापुढे नावाने बोलवा. दुसऱ्या कुठल्याही हाकेला मी येणार नाही."