आमच्या दुधाचं ऑडिट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये म्हैस आली, ती माझ्यामुळे. सोसायटीच्या नियमांत कुत्र्या-मांजरांबद्दल बरंच काही आहे, पण म्हशीबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे वॉचमनलाही तिला अडवता आलं नाही.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. सप्लायरकडून येणारा माल तपासायचा आणि त्यात खोट काढायची, हे माझं काम. (हे काम मी घरीही फुकट करतो, असं बायकोचं म्हणणं आहे.) दिवसभर संशय घेण्याचा पगार मिळायला लागला की माणसाला घरी आल्यावरही थांबता येत नाही. त्यात मोबाइलवर भेसळीचे व्हिडिओ! नकली पनीर, नकली तूप, पावडरीचं दूध! शेवटी मी दुधातलं पाणी ओळखणारा लॅक्टोमीटर मागवला.

"अहो, दगडूभाऊंचं दूध तपासणार तुम्ही?" बायको, मनीषा, हादरलीच. "त्यांना काय वाटेल?"

"सप्लायरला काय वाटेल हे बघायचं नसतं. सरप्राइज ऑडिट!"

दगडूभाऊ चिखली गावातले जुने दूधवाले. आजूबाजूला वर्कशॉप आणि बिल्डिंगा उठल्या तरी त्यांचा गोठा टिकून होता, आणि तो मुख्यतः आमच्या सोसायटीच्या जिवावर. घरोघर त्यांचंच दूध. माझी आई तर त्यांना भाऊबीजेला ओवाळते.

दगडूभाऊ दारात दूध घालून गेले की आईच्या हातातलं पातेलं, गॅसवर चढायच्या आत, मी ताब्यात घ्यायला लागलो. पहिल्याच दिवशी लॅक्टोमीटर दुधात बुडी मारून बसला. पाणी! आमच्याकडे एका नमुन्यावर निकाल देत नाहीत, म्हणून आठवडाभर तपासलं. रोज पाणी!

"दगडू पाणी घालायचा नाही," आई म्हणाली.

"आई, मीटर खोटं बोलत नाही."

"त्याला बोलता तरी येतं का?"

मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट पुरावा टाकला. काय तो भडका! "मला वाटलंच होतं," असं कोरा चहा पिणाऱ्यांनीही लिहिलं. चेअरमन म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं हवीत, राव!" दुसऱ्या दिवशी दारोदार पिशवीचं दूध लटकलं आणि दगडूभाऊंचे कॅन भरलेलेच परत गेले. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो.

संध्याकाळी दगडूभाऊ आमच्या दारात. आत या म्हटलं तर येईनात.

"सायेब, आमच्या आज्यापासून धंदा हाय. दुधात पानी घातलं असं कुनी म्हनलं न्हाई कदी. आता गोठा मोडायची पाळी आली."

"भाऊ, पुरावा आहे माझ्याकडे."

"व्हय? मंग रविवारी समद्यांना खाली बोलवा. मी बी पुरावा आनतो."

मला वाटलं, ते एखादा कागद आणतील. त्यांनी म्हैस आणली!

सगळी सोसायटी गॅलऱ्यांत आणि जिन्यात. म्हैस चेअरमनच्या नव्या गाडीला टेकून उभी. चेअरमन घामाघूम. दगडूभाऊंनी सगळ्यांसमोर रिकामी बादली झटकली, खाली बसले आणि धार काढली. फेस बसला, दूध निवलं, मी लॅक्टोमीटर सोडला. तो असा ताठ तरंगला की टाळ्या पडल्या. (म्हशीसाठी.)

पण हार मानेल तो क्वालिटीवाला कसला! "म्हशीत दोष नाही," मी म्हणालो. "भेसळ वाटेत होते. गोठ्यापासून घरापर्यंत!"

"बरं," दगडूभाऊ म्हणाले. "आक्का, रोजचं पातेलं आना. रोज आनता तसंच."

आई लगबगीने वर गेली आणि पातेलं घेऊन आली. दगडूभाऊंनी बादलीतलं तेच दूध त्यात ओतलं. मी लॅक्टोमीटर सोडला. बुडी!

मी म्हशीकडे बघितलं, म्हशीने माझ्याकडे. आता म्हैस आणि मीटर यांच्यामध्ये एकच माणूस उरलं होतं.

"आई, पातेल्यात काय होतं?"

"काय असणार? घोटभर पाणी."

"पाणी?!"

"मग? कोरड्या पातेल्यात दूध तापवलं तर खाली लागतं की! तुझ्या जन्माआधीपासून घालते. एवढं शिकलास आणि हे माहीत नाही?"

"मग आठवडाभर सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणत होतास दगडूने घातलं. त्याने नव्हतंच घातलं!"

(आईचा घोटभर म्हणजे काठोकाठ फुलपात्र, हे मनीषाने तिथेच सगळ्यांना सांगितलं. बायको कोणाच्या बाजूची असते, हे अशा वेळी कळतं.)

लोक पोट धरून हसत होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका भल्या माणसाचा गोठा मी आईच्या फुलपात्रापायी मोडायला निघालो होतो. दगडूभाऊंपुढे हात जोडले, ग्रुपवर माफी मागितली. बाकीच्यांनी त्याच सकाळी दूध पुन्हा सुरू केलं. उरलं फक्त आमचं घर.

"तुमाला बी घालतो," दगडूभाऊ म्हणाले. "पर माझं नाव परत जायला नगं. दूध घ्यायला तुमीच दारात यायचं."

तेव्हापासून मी रोज शिफ्टला निघायच्या आधी पातेलं घेऊन दारात उभा असतो. समोरचं दार हटकून किलकिलं झालेलं असतं.

"सायेब, पालथं करा."

मी पालथं करतो. दगडूभाऊ आतून बोट फिरवतात आणि बोट उजेडात धरून निरखतात. कुठे ओल लागली की म्हणतात, "रिजेक्ट. पुसून आना."

आणि मी पुसून आणतो.