डिंप्नाबाईंनी मोजलेलं घर

आयर्लंडच्या टोकाला, आमच्या डोनेगलमध्ये घर बांधणाऱ्याला आधी जमीन मिळते, मग आर्किटेक्ट, मग कंत्राटदार, आणि अक्कल सगळ्यात शेवटी. आम्हाला ती थोडी आधी आली, ती डिंप्ना हार्किन यांच्यामुळे.

माझ्या बायकोला, ब्रोनाला, तिच्या वडिलांनी समुद्राकडच्या उतारावर शेताचा तुकडा दिला होता. आर्किटेक्टने नकाशा काढला. त्यात समुद्राकडे तोंड केलेली काचेची खोली होती आणि ब्रोनाचा सगळा जीव तिच्यात. सासरे म्हणाले, पाया खणायच्या आधी जिमी हार्किनच्या मुलीला दाखवा.

जिमी हार्किन म्हणजे इथला जुना गवंडी. त्याची मुलगी डब्लिनला क्वांटिटी सर्व्हेअर होती. इमारतीला दगड किती, लाकूड किती, मजुरी किती, झालेलं काम कितीचं, याचं माप काढणं हा तिचा व्यवसाय. तिने मोठमोठ्या इस्पितळांची मापं काढली होती. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा ती परत आली आणि ते गेल्यावरही इथेच राहिली. धक्क्याकडे जाणाऱ्या वळणावर जिमीने एका मच्छीमारासाठी बांधायला घेतलेलं घर होतं. पैसे संपले, भिंतींवरच काम थांबलं, आणि ते कुटुंब स्कॉटलंडला निघून गेलं. जिमी पुढे आयुष्यभर त्या रस्त्याने गेला नाही. डिंप्नाबाईंनी छोट्या माणसांची घरं मापायला घेतली ती त्या भिंती बघून, असं त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं.

त्यांनी आधी नकाशा उघडलाच नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून शेतभर हिंडल्या, लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहिली. मग आमच्या भाड्याच्या घरात चहा घेताना सरळ म्हणाल्या,

"तुमच्या पैशात हे घर छपरापर्यंत येईल. पुढे नाही येणार."

"म्हणजे बांधूच नये आम्ही?" ब्रोना म्हणाली.

"बांधा की. पण हे नाही, आणि तिथे नाही. खाली दलदल आहे, निम्मे पैसे पायाच गिळेल. वर खडक लागतो, तिथे या. आणि अगं, ती काचेची खोली सोड."

त्या गेल्यावर ब्रोना भांडी आपटत म्हणाली, "फी देऊन अपशकुन विकत आणलास, कॅहल." दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी एकटीच वरच्या खडकावर जाऊन उभी राहिली, आणि नकाशा बदलायला तिनेच आर्किटेक्टला फोन केला.

काम ह्यूई बॉयलला दिलं. ह्यूई जिमीच्याच हाताखाली शिकलेला, माणूस चोख. त्याने लाकडासाठी आगाऊ रक्कम मागितली आणि मी देणारही होतो. डिंप्नाबाईंनी अडवलं. काम उभं दिसेल तेवढेच पैसे द्यायचे, असं करारात त्यांनी आधीच घातलं होतं.

"तुझा बाप माझ्या शब्दावर भिंत चढवायचा, पोरी," ह्यूई म्हणाला.

"आणि तुम्ही दोघंही कायम कफल्लक असायचात, ह्यूईकाका," त्या म्हणाल्या.

पबमध्ये आठवडाभर चर्चा चालली, की हार्किनच्या पोरीला डब्लिनचं पाणी लागलंय, आपली माणसं ओळखेनाशी झालीय.

भिंती उभ्या राहिल्या, आणि एका वादळी सकाळी ह्यूई परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. वर्षभर तरी तो कामाला उभा राहणार नव्हता. आम्ही इस्पितळात धावलो, हळहळलो, पण खोटं कशाला बोलू, आगाऊ पैसे दिले नाहीत याचं मला मनातून बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी डिंप्नाबाई टेप घेऊन हजर. पावसात दिवसभर एकेक भिंत मापली. मग ह्यूईच्या शेडमध्ये गेल्या. तिथे आमच्या छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, कापून, जुळवून ठेवलेल्या होत्या. खिडक्यांच्या चौकटीही तयार होत्या. संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाल्या, ह्यूईने जेवढे पैसे घेतलेत त्यापेक्षा पुष्कळ जास्त काम केलंय, तेव्हा राहिलेले देऊन टाका.

"पण तुम्ही आमच्या बाजूच्या ना?" मी विचारलं.

"आहेच. पण फी तुम्ही देता म्हणून भिंत आखूड होत नाही, कॅहल."

ब्रोनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "किती द्यायचे तेवढं सांगा," ती म्हणाली.

इस्पितळात ह्यूई भिंतीकडे तोंड करून पडला होता. काम काढून घेतल्याचं सांगायला आलोय, अशीच त्याची समजूत. डिंप्नाबाईंनी पलंगापाशी खुर्ची ओढली आणि त्याच्या कामाचं माप त्याला सावकाश समजावून सांगितलं. शेडमधल्या कैच्यांपाशी आल्या तेव्हा म्हातारा वळला.

"त्या पण धरल्यास?"

"तुम्ही केल्यात ना? मग धरणारच."

त्याने पांघरूण तोंडावर ओढलं. आम्ही खिडकीबाहेर बघत राहिलो. मग पांघरुणाआडूनच त्याने त्याचा पुतण्या यूनन याचं नाव सांगितलं. माझ्या कैच्या त्यालाच चढवू द्या, दुसरा कोणी वाकड्या बसवेल, म्हणाला.

यूननने छप्पर चढवलं आणि नाताळाच्या आधी आम्ही राहायला गेलो. घर लहान आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते, आणि वारा सुटला की ब्रोना म्हणते, ती काचेची खोली असती तर आत्तापर्यंत स्कॉटलंडला पोचली असती. डिंप्नाबाईंसमोर मात्र ती हे कधीच कबूल करत नाही. दर ईस्टरला त्यांच्याकडे केक तेवढा नेऊन देते.

ह्यूई आता काठी घेऊन चालतो. परांचीवर चढणं संपलं, म्हणून डिंप्नाबाई त्याला दुसऱ्यांच्या बांधकामांवर गवंडीकाम तपासायला सोबत नेतात. परवा टेकडीखालून जाताना दोघांचे आवाज ऐकू आले. कोपरा ओळंब्यात नाही असं तो म्हणत होता, आहे असं त्या म्हणत होत्या. घराचा मालक मधे उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मी गाडी थांबवली नाही.