सुशीचे चिंचोके

मैत्रिणींनो, आठवतंय का… रविवारी दुपारी नगरच्या मिशन होस्टेलच्या व्हरांड्यात आपण एकमेकींच्या डोक्याला तेल लावत बसायचो आणि सुशी कोपऱ्यात चिंचोके मांडायची? "काय गं सुशे, दुकान उघडलंस?" असं आपण चिडवायचो. एकाहत्तर-बहात्तर साल असेल.

सुशी पाथर्डीकडची. सहामाहीत नापास झाली तर तिची होस्टेलची सवलत बंद, आणि मग आईवडलांबरोबर कोपरगावकडे ऊसतोडीला…

संयुगांची सूत्रं आपण पाठ करायचो. सुशीच्या डोक्यात पाठांतर टिकत नसे. ती शर्टाचं बटण ठेवायची, तो अणू. भोवती चिंचोके, ते शेवटच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन. मग कोणाकडे द्यायला किती आणि कोणाला कमी किती, हे बघत बसायची.

मी मॉनिटर. अभ्यासाच्या तासाला सुशी खेळते, असं मी सिस्टरांना सांगितलं. शिस्त म्हणून, अशी तेव्हा मनाची समजूत घातली… खरं तर पाठ न करता तिचं बरोबर येतं, हे मला खुपत होतं. तिची चिंचोक्यांची आणि बटणांची पिशवी जप्त झाली आणि सिस्टरांनी ती माझ्याकडेच ठेवायला दिली.

दुसऱ्याच दिवशी सहामाहीची तोंडी परीक्षा. सिस्टरांनी ॲल्युमिनियम ऑक्साईडचं सूत्र विचारलं. मी झटकन "ए एल ओ" म्हणाले आणि चुकले.

मग सुशीची पाळी. ती रिकाम्या टेबलावर बोटाच्या टोकानं नसलेले चिंचोके मांडू लागली…

"ह्याच्याकडं तीन हायेत, त्याला दोनच लागत्यात. एक उरतो. म्हनून ॲल्युमिनियम दोन घ्यायचं सिस्टर, आन ऑक्सिजन तीन. सहा दिले, सहा घेतले. कोनाकडं उरलं न्हाई, कोनी उपाशी न्हाई."

सिस्टर मार्क लिहीत म्हणाल्या, "दिवाळीनंतर वेळेवर परत ये, सुशीला."

पिशवी मी कधीच परत केली नाही. दिली असती तर चहाडी कोणाची, ते कळलं असतं. परवा ट्रंक आवरताना ती सापडली.

सुशी फेसबुकवर नाही, आणि गुडघ्यांमुळे माझा प्रवास बंद. कोणी पाथर्डीला जाणार असाल तर माझ्याकडून पिशवी घेऊन जा आणि एवढं करा… चिंचोके सुशीच्या हातात द्या. दोन पांढरी आणि तीन काळी बटणं तिच्या नातीला, ती यंदा नववीत आहे. आणि ही पोस्ट सुशीला वाचून दाखवा. चहाडीचा भाग गाळू नका.