उघाडीत अडकलेलं जाळं

आमच्या गावाचा इतिहास सांगताना लोक बोटी सांगतात, मिठाचे ढीग सांगतात. माझी मावशी त्यात नसते. ती उघाडी सांभाळायची. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी मिठागरात हवं तेवढंच घ्यायचं आणि वेळेवर फळी खाली सोडायची. तेवीस वर्षं तिनं ते केलं, आणि कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही.

कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे होते. एके दिवशी दुपारी मोठं उधाण होतं. वाफ्यांत मीठ तयार, उद्यापासून ओढायचं. पाणी चढू लागलं तशी मावशीनं फळी सोडली. ती हातभर वरच अडली.

खाली जाळं होतं. ओहोटीला दारातून कोळंबी आयती मिळते, म्हणून मच्छीमार चोरून जाळं लावायचे आणि भरतीआधी काढून न्यायचे. हे काढायचं राहिलं होतं. जाळ्याचा असा हिरवा दोरा गावात एकाच घरात होता, मावशीच्या जावयाच्या.

तिची लेक बांधावरून धावत आली.

"आई, हात लावू नकोस. हे तासाभरात येतायत, सोडवतील."

"मीठ विरघळल्यावर?"

"महिनाभर बसून विणलंय गं. कापलंस तर मला घरात घेतील का?"

"मग इकडे राहा. जागा आहे."

बोलली असं, पण छातीभर पाण्यात उतरून गाठी सोडवायला लागली. इथे ती चुकली, सरळ सांगते. बोटं सोलली, गाठ सुटेना. दारातून पाणी आत घुसतच होतं. आतला पाणी साठवायचा तलाव काठोकाठ भरून पहिल्या वाफ्यात सांडला, आणि तिथला पांढरा थर बघता बघता काळा पडला.

"मावशी, कोयता देऊ?"

"थांब जरा."

तिच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मागे अजून दहा वाफे होते, चाळीस घरांचं वर्ष.

माझ्या हातातला कोयता लेकीनं ओढून घेतला, पाण्यात उतरली आणि तीन घावांत जाळं तोडलं. फळी धाडकन बसली.

तासाभरानं जावई आला. तुकडे उचलून पाहिले.

"कुणी कापलं?"

"मी," मावशी म्हणाली.

"खोटं बोलतेय. मी कापलं," लेक म्हणाली.

तो तुकडे खांद्यावर टाकून निघाला. लेक दहा पावलं मागे ठेवून त्याच्यामागून चालू लागली. ती दोघं घराच्या दारातून आत जाईपर्यंत मावशी ओल्या लुगड्यानं बांधावर उभी होती.