बारा सुके मासे घेऊन पोर्तुगालहून

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून निघताना परागच्या हातात एक्सेलची सहा पानं होती, स्टेपल मारलेली. पराग म्हणजे माझा नवरा. पुण्याचा, चिप डिझाइन करणारा, आणि आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिजवला नाही असं न विचारता सांगणारा. त्या सहा पानांत पोर्तुगालचे आठ दिवस पंधरा-पंधरा मिनिटांत कापून ठेवले होते. ‘समुद्र पाहणे’ला वीस मिनिटं होती, ‘रोमँटिक वॉक’ला पंधरा. माझा जन्मच पालघरकडच्या किनाऱ्यावरचा. समुद्र वीस मिनिटांत कसा पाहतात ते मला ठाऊक नव्हतं. पण तिकिटं त्याने शोधली होती, म्हणून गप्प बसले.

ऑक्टोबरचा शेवट होता. “ना गर्दी, ना उकाडा. हुशार लोक याच दिवसांत युरोप करतात,” पराग विमानात दोनदा म्हणाला.

गर्दी का नसते ते लिस्बनला कळलं. बघायला लोक येतात ते सगळं बंद होतं. मी शिकलेला पहिला पोर्तुगीज शब्द ‘फेशादु’ (बंद). बुरूज दुरुस्तीसाठी फेशादु, टेकडीवर चढणारी ट्राम फेशादु, नदीतली बोट थेट वसंतापर्यंत फेशादु. पराग मात्र प्रत्येक बंद दारासमोर उभा राहून शीटवर टिक करायचा. “आपण आलो होतो ना? मग झालं,” हे त्याचं लॉजिक. मग दाराचा फोटो. आमच्या अल्बममध्ये पोर्तुगालची एकतीस दारं आहेत. उघडं एकही नाही.

जेवणाची वेगळीच तऱ्हा. पराग वेटरला पाच मिनिटं समजावत होता, मांस नको, मासा नको, अंडं चालेल. वेटर मान डोलावून गेला आणि काल्दु व्हेर्द (बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप) घेऊन आला. त्यात सॉसेजची चकती तरंगत होती. परागने बोट दाखवलं. वेटरने चमच्याने चकती उचलली आणि म्हणाला, “आता व्हेजिटेरियन.” त्यानंतर पराग पाव आणि ऑलिव्हवर राहिला. मी समोर बसून भाजलेल्या सार्डिन खाल्ल्या, काटे ताटाच्या कडेला नीट लावत.

चौथ्या दिवशी भाड्याच्या गाडीने नाझारेला निघालो. गाव दिसायच्या आधी वास आला. मी काच खाली केली, परागने वर केली.

किनाऱ्यावर वाळूत लाकडी चौकटी मांडलेल्या, त्यांना जाळी ताणलेली, आणि जाळीवर पोट फाडून चपटे केलेले मासे ओळीने वाळत घातलेले. कारापाऊ म्हणतात त्यांना (आपल्या बांगड्याचा भाऊबंद). काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी एकेक मासा उलटत होती. आमच्या गावात बांबूंना दोऱ्या बांधून त्यावर बोंबील टांगतात, त्याला वलांडी म्हणतात. माझी आई अजूनही तिथे अशीच वाकून उभी असते.

“शीटवर इथे थांबा नाहीये,” पराग म्हणाला. “चर्च बंद व्हायच्या आत पोचायचंय.”

“ते बंदच असेल,” मी म्हटलं आणि उतरले.

खाणाखुणांनी मी मिठाचं विचारलं, म्हातारीने मूठ दाखवली. मी ऊन किती दिवस विचारलं, तिने आकाशाकडे बघून तोंड वाकडं केलं. आणि त्याच क्षणी टपोरे थेंब पडायला लागले. तिने चौकट उचलली तशी मी दुसऱ्या टोकाला हात घातला. विचार वगैरे काही केला नाही. वाळत घातलेल्या मासळीवर पाऊस आला की आमच्याकडे ताप आलेलं माणूसही उठून धावतं. “आंदा, मेनीना, आंदा” (चल पोरी, चल), म्हातारी ओरडत होती. चौदा चौकटी आम्ही शेडमध्ये नेल्या. माझा नवा कोट माशांच्या पाण्याने माखला. पराग छत्रीखाली उभा होता, शीट छातीशी धरून.

म्हातारीने बारा मासे कागदात बांधून दिले. मी पाकीट काढलं तर तिने माझ्या हातावर चापट मारली. आईसुद्धा अशीच मारते.

गाडीत पराग म्हणाला, “टाकून दे यार. वास बघ किती येतोय.”

“टाकणार नाही. घरी नेऊन भाजणार आहे.”

“आपलं ठरलंय ना?”

ठरलं होतं खरं. ताजा मासा चालेल, सुका घरात नाही, कारण अपार्टमेंटचा कॉरिडॉर कॉमन आहे. लग्नाच्या वेळी मी हो म्हटलं होतं आणि चार वर्षं पाळलंही. त्या दिवशी मला ते पाळायचं नव्हतं. मला ते मासे माझ्या किचनमध्ये, माझ्या तव्यावर हवे होते.

उरलेले दिवस मासे डिकीत, तीन पिशव्यांच्या आत.

परतीच्या विमानात कस्टमचा फॉर्म आला. एका कुटुंबाला एकच फॉर्म. नेहमीप्रमाणे पराग भरायला बसला आणि ‘खाद्यपदार्थ आणले आहेत का’ याच्यापुढे ‘नाही’वर खूण केली.

“मासे आहेत,” मी म्हटलं.

“ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. उगीच कशाला लिहायचं? लँड झाल्यावर टॉयलेटमध्ये टाकून दे.”

मी पेन घेतलं, खूण खोडली, ‘हो’वर केली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, सुके मासे, बारा. पराग खिडकीबाहेर ढग बघत बसला.

सॅन फ्रान्सिस्कोला आम्हाला अर्थातच बाजूला घेतलं. ऑफिसरने तिसरी पिशवी उघडली आणि मान मागे घेतली.

“मॅम, हे तुम्ही खाता?”

“खाते. माझी आई हेच सुकवून विकते. त्यावर मी इंजिनिअर झाले. घरातली पहिली.”

त्याने मासे उलटसुलट पाहिले आणि परत दिले. “हे चालतं.” मग परागची बॅग उघडली. स्वेटरच्या घडीतून हॉटेलच्या ब्रेकफास्टची तीन संत्री निघाली.

“हे चालत नाही, सर. पण फॉर्मवर ‘हो’ आहे, म्हणून दंड नाही.” संत्री पिंपात गेली. आमच्या सगळ्या सामानात धोकादायक निघाला तो शाकाहार.

घरी आल्यावर मी खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट लावला आणि तवा ठेवला. पराग लॅपटॉप घेऊन बाल्कनीत गेला. लोक विचारतात, युरोपात काय पाहिलंत. दारं पाहिली, असं मी खरं सांगते. पण चार वर्षांचा संसार इतका जवळून मी सनीव्हेलमध्ये पाहिला नव्हता, हेही तितकंच खरं.

तिसरा मासा उलटत होते तेव्हा दारावर टकटक झाली. बाल्कनीतून आत येऊन परागनेच दार उघडलं. शेजारीण नाकावर रुमाल धरून उभी होती. हा कसला वास, तिने विचारलं.

“आमचा स्वयंपाक चाललाय,” पराग म्हणाला आणि दार लावून घेतलं.