खडूची रेघ

गल्लीतल्या शिवणकामाच्या मावशी आज एका नवशिक्या बाईंनी शिवलेला पहिला ब्लाउज बघत होत्या. “बाह्या छान बसल्यात हं. गळा तेवढा उसवू या,” म्हणत त्यांनी चुकलेल्या जागी खडूने हलकी रेघ ओढली. बाई हसून उसवायला बसल्या. झटकली की जाते ती रेघ.

मला सुमन आठवली. कॉलेजात तिने विश्वासाने स्वतःच्या कथांची वही मला वाचायला दिली होती. मी लाल शाईने शेरा मारला, ‘सगळं कृत्रिम. लिहू नकोस.’ खरं बोलल्याचा केवढा तोरा होता मला! तिसऱ्या कथेतली आई फार जिवंत उतरली होती, ते मात्र सांगितलंच नाही.

सुमन गेल्यावर तिच्या मुलीने ती वही मला आणून दिली. माझ्या शेऱ्यापुढची सगळी पानं कोरी आहेत.