ऑल-इन-वन नको म्हणणाऱ्या आपा

दुसऱ्याच्या चुकीची लाज स्वतःच्या अंगाला लावून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आपांइतकं मनापासून लाजणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही. एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. त्यात एक अख्खी ओळ दोनदा छापलेली होती. फ्लेक्स आम्ही केलेला नव्हता, पुढारी आमच्या ओळखीचा नव्हता, आणि खुद्द पुढाऱ्यालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण तो उतरेपर्यंत आपा स्टँडला वळसा घालून मागच्या बाजूनं दुकानात येत राहिल्या. मी हसले तर म्हणाल्या, "तू हास. ज्यानं टाईप केलं त्यो आपल्याच धंद्यातला हाय न्हवं? मग त्येची लाज कुणी धरायची?"

कराडात एसटी स्टँडामागच्या गल्लीत आमचं टायपिंगचं आणि पत्रिका छापून द्यायचं दुकान. मूळ दुकान आपांचं. त्यांचे मालक गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं आणि पुढं मला भागीदार करून घेतलं. माझे यजमान फौजेत, मी घरात नुसती बसून. "नवरा बॉर्डरवर आन् तू टीव्हीम्होरं, बरं दिसतंय का हे?" एवढंच काय ते आमंत्रण! लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट, प्रतिज्ञापत्रं, सगळं आपांच्या हाताखालून जायचं. गिऱ्हाईक खिशात चष्मा शोधतंय तोवर आपा काउंटरच्या पलीकडून, उलट्या बाजूनं, कागदावरच्या चुकीवर बोट ठेवून मोकळ्या. "मला चष्मा लागंल तवा दुकानाला कुलूप घाला," हे त्या फार तोऱ्यात सांगायच्या.

पण चूक कुणाकडून होत नाही? एका लग्नपत्रिकेतून नवरीच्या मामाचं नाव गळलं. आता मामाचं नाव गळणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मामा लग्नाला येणार नाही म्हणून रुसून बसला. नवरीचे वडील आम्हाला शब्दानंही बोलले नाहीत, पण आपा दुसऱ्या दिवशी एसटीनं थेट तासगावला, मामाच्या घरी. तिथं बेदाण्याच्या शेडमध्ये उभ्या राहून त्यांनी हात जोडले. मामा विरघळला, आणि परत येताना त्यानं पिशवीभर बेदाणे दिले. ते सगळे आपांनी गल्लीत वाटून टाकले. स्वतः एक तोंडात घातला नाही. "लाजंचं बेदाणं गोड लागत न्हाईत," म्हणाल्या.

नीटनेटकेपणाचं तर त्यांना वेडच होतं. टेबलामागं लोंबणाऱ्या वायरी बघितल्या की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. जुन्या ब्लाऊजपीसच्या चिंध्या फाडून त्यांनी त्या वायरींची वेणी घातली होती, चांगली तिपेडी. रिपेअरवाला आला की ती सोडवताना घामाघूम व्हायचा, आणि तो गेला की आपा पुन्हा खाली बसून वेणी घालायच्या.

पुढं पुढं त्यांना नवी सवय लागली. टाईप झालं की गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "वाचा मोठ्यानं. तुमच्या घरचं कार्य हाय, तुमच्याच तोंडानं वाचा." गिऱ्हाईक वाचायचं, आपा डोळे मिटून ऐकायच्या, आणि चूक निघाली तर मला म्हणायच्या, "सुमन, बदल गं तेवढं." मला हे फार आवडलं. चुका कमी झाल्या, भांडणं मिटली. ज्याला त्याला मी कौतुकानं सांगत होते की बघा, आपांनी कशी पद्धत बसवली!

असं चाललेलं असताना आमचा जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला आणि नवा घ्यायचं ठरलं. दुकानाला नुकतीच समोरून काच बसवली होती. मला हवा होता ऑल-इन-वन: सगळं त्या स्क्रीनच्या पाठीतच, खाली सीपीयूचा डबा नाही, वायरींचा पसारा नाही. वाटलं, आपा तर उडीच मारतील. पण आपा म्हणाल्या, "नको. डबा येगळा, स्क्रीन येगळा."

मी म्हटलं, आपा, वायरी! तर म्हणाल्या, "घालीन की येणी." मग त्यांनी एकेक कारण काढायला सुरुवात केली. "स्क्रीन गेला की डबा बी गेला, डबा तापला की स्क्रीन बी गेला. एकाला ताप आला म्हणून समद्या घरानं झोपायचं का?" दुसऱ्या दिवशी, "रॅम वाढवायची म्हटली तर त्येचं पोट फाडावं लागतं." तिसऱ्या दिवशी, "बिघडला तर आख्खा उचलून न्यायचा, मग आपण काय टाळ्या वाजवीत बसायचं?" कारणं सगळी खरी होती. म्हणूनच मी जास्त चिडायचे. आमची आठवडाभर धुसफूस चालली आणि चहासुद्धा दोघींनी वेगवेगळा मागवला.

शेवटी कॉम्प्युटरवाले शिंदे म्हणाले, "दोन्ही आणून लावतो. आमने-सामने बघा आन् ठरवा." शिंदे फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे भांडण मिटवायची त्यांना हौस. त्यांनी दोन्ही सेट काउंटरवर शेजारी शेजारी मांडले. आपा तेव्हा मागच्या बाजूला नमाजाला बसल्या होत्या. सकाळभर आम्ही एका लग्नपत्रिकेचं काम करत होतो. तेवढ्यात पलीकडच्या वाडीतला एक माणूस आला. डोकं भादरलेलं, खांद्यावर टॉवेल. वडील गेले होते. दशक्रियेची पत्रिका हवी होती. घाईचं काम, म्हणून मी ती लगेच टाईप केली आणि शिंद्यांनी तीच दोन्ही स्क्रीनवर लावली.

आपा बाहेर आल्या. शिंदे म्हणाले, "आपा, वाचून बघा. कुठल्यावर अक्षर ठळक दिसतंय?"

आपा ऑल-इन-वनसमोर उभ्या राहिल्या. ओळीवर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचायला लागल्या, "आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या..."

बोट अगदी बरोबर ओळीवर सरकत होतं. त्या बोटाखाली लिहिलं होतं, आमच्या तीर्थरूपांचे दुःखद निधन झाले. मंगलाष्टकांच्या वेळेपर्यंत त्या वाचत गेल्या. शिंद्यांनी मान खाली घातली. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण मी नुसती त्या बोटाकडं बघत राहिले. तो भादरलेल्या डोक्याचा माणूस हळूच पुढं झाला आणि म्हणाला, "असू द्या आपा. मी वाचतो." आणि त्यानं स्वतःच्या बापाच्या मरणाची पत्रिका, पहिल्या ओळीपासून, आपांना वाचून दाखवली.

आपांच्या चेहऱ्याकडं मी बघू शकले नाही. त्यांनी काउंटरवरचा हात काढून पदरात घेतला, चपला शोधल्या आणि निघून गेल्या. मला कीव नाही आली. लाज वाटली, कानशिलं तापतात तशी लाज. फ्लेक्सवाल्याची त्यांना वाटायची, तशी मला आता त्यांची वाटत होती, आणि ती काही केल्या उतरेना.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "साखरंनं पडदा खाल्लाय डोळ्याचा. मिरजंच्या डॉक्टरनं सांगितलंय, हाय तेवढं टिकवा, गेलेलं येत न्हाई. येगळा स्क्रीन असता तर डबा त्योच ठिऊन मोठा घेतला असता. मग त्येच्याहून मोठा. कुणाला सांगावं लागलं नसतं."

"पण मला तरी सांगायचं, आपा."

"कासार बांगड्या भरताना सांगतो का गं, हात थरथरतोय म्हणून?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "ज्येचा बाप गेला, त्येच्याम्होरं मी लगीन वाचलं, सुमन."

मी डबा वेगळा आणि स्क्रीन वेगळा असाच सेट घेतला. स्क्रीन शिंद्यांकडं होता त्यातला सगळ्यात मोठा. फार मिनतवाऱ्या केल्यावर आपा एका दुपारी आल्या. मी अक्षरं वाढवत गेले. त्या "आनिक, आनिक" म्हणत राहिल्या. शेवटी एका ओळीत जेमतेम एक शब्द मावायला लागला तेव्हा आपांचे ओठ हलले, "निमंत्रण." किती दिवसांनी त्यांनी स्वतः वाचलं होतं! मला रडू आवरेना. तेवढ्यात रस्त्यापलीकडून भाजीवाल्या शांतामावशी ओरडल्या, "अगं बया, आपा! केवढा टीव्ही घेतला! निमंत्रण! हितनं बी वाचता येतंय की!"

दुकानाला समोरून काच होती, हे मी विसरले होते. आपांनी चाचपत बटण शोधलं आणि स्क्रीन बंद केला. म्हणाल्या, "म्हंजे मला दिसावं म्हणून आख्ख्या गल्लीला दाखवायचं व्हय?" मी टेबल फिरवते, पडदा लावते, असं काय काय बोलत होते. त्यांनी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात त्या सांगलीला लेकीकडं जायला निघाल्या. स्टँडवर पोचवायला मी एकटीच होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी कळूच दिलं नाही. एसटीत चढताना पायरी पायानं चाचपली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "कुणी इचारलं तर सांग, आपाला कटाळा आला. डोळ्याचं काढू नको. शपथ हाय."

मी सांगत राहिले. आपांना कंटाळा आला, नातवंडांत रमल्या. लोक म्हणायचे, "व्हय का? बरं झालं."

परवा तो वाडीतला माणूस आला, वडिलांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करायला. आपा कुठं म्हणून विचारलं. मी ठरलेलं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "डोळं कसं हायती त्यांचं?"

मी पत्रिकेचा नमुना त्याच्यापुढं सरकवला.

"ताई, आवं समद्या गिऱ्हाइकांस्नी ठाऊक हुतं. भावाच्या लग्नाची पत्रिका करायला आलो तवाच आमास्नी कळलं. आमच्या वाडीत तर सांगूनच धाडायची माणसं, की आपा वाचा म्हणाल्या तर मोठ्यानं वाचा, उगं इचारू नगा कशापायी ते. त्या दिवशी मीच शिंद्यांना थांबवायला पायजे हुतं. माझंच ध्यान नव्हतं."

तो गेला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते, आणि मलाच तेवढं कळलं नव्हतं.

काल आपांचा फोन आला. लेकीनं लावून दिला होता. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी आवाज बारीक केला, बहुतेक लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"कुणी इचारतं का गं माझं?"

"विचारतात की. रोज कुणी ना कुणी विचारतंच."

"काय सांगतीस?"

"कंटाळा आला म्हणून."



"कुणाला कळलं न्हाई न्हवं, सुमन?"

"नाही आपा," मी म्हणाले. "कुणालासुद्धा नाही."